दोघांच्या नावाचे खाते

आपल्याकडे नवराबायको दोघेच प्रवासाला जातात ते साधारणपणे एकदाच, अंगाची हळद उतरायच्या आत. त्याला मधुचंद्र म्हणतात आणि त्याचा खर्च पुष्कळदा वडीलधाऱ्यांनी उचललेला असतो. त्यानंतर प्रवास थांबतो असे नाही, पण त्याचे रूप पालटते. सुटीत मुलांचे आजोळ, कुलदैवताचे दर्शन, भाचीचे लग्न आणि कधीतरी तीन बिऱ्हाडांनी मिळून केलेली मिनीबस. मिनीबसमध्ये पुढे पुरुषमंडळी पत्ते पिसतात, मागे बायका दशम्यांचे आणि चिवड्याचे डबे उघडतात. चार दिवसांत नवराबायकोचे आपसांत बोलणे होते ते ‘पाण्याची बाटली कुठे ठेवलीस?’ एवढेच.

गोतावळ्याची सहल हा मोठाच आनंद आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण दोघांनीच जावे असेही कधी कधी दोघांना वाटत असते आणि ते बोलून दाखवायची लाज वाटते. ‘मुलं मोठी झाली, आता हे काय नवीन?’ असे घरातले कोणी म्हणण्याआधी आपणच मनात म्हणून घेतो. मग सोयीचे कारण पुढे येते : ‘परवडत नाही.’

माझी उमर बँकेत गेली. त्यामुळे ‘परवडत नाही’ हे वाक्य कानावर आले की मी कागद-पेन्सिल घेतो. दरमहा 1,000 रुपयांचे आवर्ती खाते दोघांच्या नावाने उघडले, व्याजाचा दर साडेसहा टक्के धरला, तर बारा महिन्यांनी 12,000 रुपये मुद्दल आणि वर चारशेच्या आसपास व्याज हाती येते. यातले निम्मे पैसे दोन रात्रींच्या राहण्या-जेवणाला, पाव भाग जाण्यायेण्याला आणि उरलेला पाव भाग वरखर्चाला असा आराखडा ठेवावा. मग हॉटेलवाल्याला फोन करून ‘तुमच्याकडे काय भाव?’ असे न विचारता ‘सहा हजारांत दोन दिवस दोघांचे कसे बसेल?’ असे विचारावे. अंदाजपत्रक आपले असले की घासाघीस करतानाही संकोच वाटत नाही.

प्रवास महाग होतो तो बहुधा जागेमुळे नव्हे, तारखेमुळे. दिवाळीची सुटी, नाताळ, मे महिना आणि जोडून आलेल्या सुट्यांत अवघा महाराष्ट्र एकाच वेळी घराबाहेर पडतो. मुलांच्या शाळेमुळे कुटुंबाला तेव्हाच जावे लागते. दोघांना मात्र तशी सक्ती नाही. दिवाळीची गर्दी ओसरल्यापासून डिसेंबरच्या वीस तारखेपर्यंत आणि पुन्हा जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत सोमवार ते गुरुवार हे दिवस त्यांचेच. हवा उत्तम आणि खोल्या रिकाम्या असतात. रजेचे दोन दिवस खर्ची पडतील, पण शिल्लक रजा मरेपर्यंत साठवून कोणाचे भले झालेले मी पाहिलेले नाही.

दुसरा गैरसमज अंतराचा. आम्हा बँकवाल्यांना चार वर्षांच्या ब्लॉकमध्ये एकदा भारतात कुठेही जाण्याचे भाडे मिळे. ते वसूल करायचे म्हणून लोक कन्याकुमारी नाही तर काश्मीर गाठत आणि निम्मी रजा गाडीत काढत. प्रवास म्हणजे लांबचा, ही सवय आमच्या पिढीला तिथून लागली. खरे तर प्रत्येकाच्या पंचक्रोशीत काहीतरी आहे. कोल्हापूरकरांना पन्हाळा, नागपूरकरांना रामटेक, अमरावतीकरांना चिखलदरा, संभाजीनगरकरांना म्हैसमाळ.

मुंबई-पुण्याच्या जोडप्यांसाठी मी नेहमी माथेरानचे नाव घेतो. नेरळपर्यंत लोकल येते. पुण्याच्या लोकांनी कर्जतला उतरून पुढे लोकलने नेरळ गाठावे. 1907 साली सुरू झालेली छोटी गाडी मिळाली तर उत्तमच, नाहीतर टॅक्सीने दस्तुरी नाका. पर्यटकांच्या मोटारी तिथेच थांबतात. पुढे तांबड्या मातीची वाट आणि दोन्ही बाजूंना झाडी. पावसाळ्यात नेरळहून निघणारी गाडी बंद असते, फक्त अमन लॉज ते माथेरान एवढी शटल चालते, हे लक्षात ठेवावे. सकाळी पॅनोरमा पॉइंट, दुपारी झोप, संध्याकाळी शार्लोट तलावाकडून लुईझा पॉइंट. याला तिकीट नाही. हॉर्न नसलेल्या गावात दोन माणसे चालू लागली की पहिला अर्धा तास घरच्याच गोष्टी निघतात, गॅस बंद केला का, दूधवाल्याला सांगितले का. त्यानंतर खरे बोलणे सुरू होते. त्यासाठीच तर जायचे.

जाण्यायेण्याचाही हिशेब पाहा. 2023 च्या मार्चपासून राज्यात एसटीला महिलांचे अर्धे तिकीट आहे, म्हणजे नवराबायकोचे मिळून दीडच तिकीट लागते. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या नवऱ्यालाही अर्धे आणि पंचाहत्तरीनंतर मोफत. एसटीचा चार किंवा सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पासही आहे, पण ज्यांना अर्धे तिकीट आहे त्यांनी दोन्हींची बेरीज करून मगच तो घ्यावा. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र 2020 च्या मार्चपासून थांबली, ती धरून हिशेब करू नये. रेल्वेचे आरक्षण पूर्वी चार महिने आधी खुले होई, 2024 च्या नोव्हेंबरपासून ते साठ दिवसांवर आले आहे. तेव्हा तारीख ठरली की दोन महिने आधीच्या पानावर खूण करून ठेवावी.

एक इशारा दिल्यावाचून राहवत नाही. ‘आधी फिरा, मग फेडा’ या जाहिरातींना भुलू नका. क्रेडिट कार्डाची थकबाकी मागे राहिली की महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढते, म्हणजे वर्षाला छत्तीस ते बेचाळीस. अशी सहल दोन दिवसांची होते आणि तिच्यावरून घरात वर्षभर भांडणे होतात.

पैशापेक्षा अवघड प्रश्न घराचा. मुलांना कोण पाहील, सासूबाईंचे औषध कोण देईल? यावर बहिणी-बहिणींनी, शेजाऱ्यांनी फेरपालट करावी. या महिन्यात तुमची मुले आमच्याकडे, पुढच्या महिन्यात आमची तुमच्याकडे. घरात आजारी माणूस असेल तर रात्रीचा मुक्काम सोडून द्या, एक दिवस काढा. पावसाळा सोडून एरवी गेटवेहून बोटीने मांडवा, तिथून अलिबाग, ओहोटी असेल तर कुलाबा किल्ल्यापर्यंत पायी आणि दिवेलागणीला घरी.

हे सारे मी एवढ्या आग्रहाने का सांगतो? एकदा एक बाई शाखेत ठेवीची पावती मोडायला आल्या. पावती दोघांच्या नावाची होती. अशा पावतीवर ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ अशी शर्त असते. निवृत्तीनंतर काश्मीर पाहायचे म्हणून नवराबायकोने ती रक्कम ठेवली होती. यजमान निवृत्त झाले त्याच वर्षी गेले. बाईंनी पावतीच्या मागे सही केली आणि विचारले, ‘मुदतीला दोन महिने कमी आहेत, व्याज कापाल का?’ नियमाने कापावे लागत होते.

तेव्हा आज चहा झाला की भिंतीवरचे कॅलेंडर खाली काढा. पुढच्या सहा महिन्यांतला एक मंगळवार आणि एक बुधवार शोधा आणि पेनाने गोल करा. उद्या बँक उघडली की खाते उघडा. घरात कोणी विचारले तर ‘आम्ही दोघे जाऊन येतो’ एवढे सांगावे. कारण सांगायची गरज नाही.