मलिक अंबर : वस्ती वसविणारा परदेशी

नगर शहरापासून कांहीं कोसांवर भातोडी नांवाचें एक खेडें आहे. जुन्या ग्रंथांत त्याचा उल्लेख भातवडी असा येतो. निजामशाहीचा वजीर सलाबतखान यानें सोळाव्या शतकांत तेथें मोठा तलाव बांधविला. १६२४ सालीं त्याच तलावाच्या परिसरांत दक्षिणेच्या इतिहासांतील एक मोठी लढाई झाली. एका बाजूस मोगल आणि विजापूरकर यांचीं एकत्र सैन्यें आणि दुसऱ्या बाजूस एकटी निजामशाही, असा तो विषम सामना होता. निजामशाहीच्या वृद्ध सेनापतीनें तलावाचा बांध फोडविला. पाणी शत्रूच्या तळाकडे पसरलें, जमिनीचा चिखल झाला, आणि जड लष्कराची हालचाल अवघड होऊन बसली. निजामशाहीच्या बाजूनें लढतांना शहाजीराजांचे बंधु शरीफजी ह्या लढाईंत कामास आले. परंतु जय निजामशाहीचा झाला.

तो वृद्ध सेनापति म्हणजे मलिक अंबर. लढवय्या म्हणून त्याचें नांव सर्वांस ठाऊक आहे. परंतु पाण्याचा स्वभाव ओळखणारा, नवें शहर वसविणारा आणि लेकीबाळींचा विचार करणारा गृहस्थ, ही त्याची ओळख मागें पडली आहे.

अंबराचा जन्म इ. स. १५४८ च्या सुमारास आफ्रिकेंतील हबसाणांत, म्हणजे आजच्या इथिओपिया देशांत झाला. लहानपणींच तो गुलामांच्या बाजारांत विकला गेला. अरबस्तानांतून बगदादेस, एका धन्याकडून दुसऱ्याकडे, असा त्याचा प्रवास झाला. मूळचें चापू हें नांव जाऊन अंबर हें नांव त्यास मिळालें तेंहि एका धन्याकडूनच. पुढें दक्षिणेंत आल्यावर निजामशाहीचा पेशवा चंगीझखान यानें त्यास विकत घेतलें. हा चंगीझखान स्वतः एके काळीं हबशी गुलाम होता. दक्षिणेंत हबशी गुलामाची स्थिति पिढीजात नसे. धनी मरण पावला म्हणजे तो बहुधा मोकळा होई व शिपाईगिरी करून नशीब काढी. चंगीझखान मरण पावल्यावर त्याच्या विधवेनें अंबरास मुक्त केलें. त्यानंतर त्यानें लग्न केलें. ज्याला मायबाप, गोत, गांव कांहींच उरलें नव्हतें, त्यानें मोकळा होतांच प्रथम घर मांडिलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. त्याच्या पत्नीचें नांव बीबी करीमा.

ज्या अहमदनगरांत त्याचें तारुण्य गेलें, तें शहरच परक्यांना आपलेंसें करणारें होतें. अहमद निजामशहानें सीना नदीच्या कांठीं त्याचा पाया घातला. इराणी, अरब, हबशी व मराठे अशा अनेक जातींचे लोक तेथें एकत्र नांदत. नगरची दुसरी विशेष गोष्ट म्हणजे तेथील पाणी. कापूरवाडी, शेंडी अशा आसपासच्या गांवांकडून जमिनीखालून नळ बांधून शहरांत व बागांत पाणी आणिलेलें होतें. इराणांतील भुयारी कालव्यांची ही विद्या नगरांत चांगली रुजली होती. अंबराचे डोळे ह्या कामांवर पडले असणारच. कारण पुढें त्यानें हीच विद्या अधिक मोठ्या प्रमाणावर वापरली.

मध्यंतरीं कांहीं काळ तो विजापूरकडे होता. तेथें त्यास 'मलिक' हा किताब मिळाला. १५९५ च्या सुमारास तो नगरच्या मुलखांत परतला. १६०० सालीं चांदबिबीचा अंत होऊन नगरचा किल्ला मोगलांच्या हातीं गेला. राजधानी गेली, राजा कैदेंत पडला. राज्य संपलें असेंच सर्वांना वाटलें. अंबरानें मात्र निजामशाही वंशांतील एक पुरुष शोधून त्यास परांड्याच्या किल्ल्यांत दुसरा मुर्तजा म्हणून गादीवर बसविलें, आणि आपली मुलगी त्यास दिली. गुलामांच्या बाजारांत विकल्या गेलेल्या मनुष्याची कन्या राजाची राणी झाली. मुलगा फत्तेखान याचें लग्नहि त्यानें विजापूरच्या एका मातब्बर हबशी सरदाराच्या घराण्यांत जुळविलें.

राज्यास स्थिर ठिकाण हवें होतें. १६१० सालीं दौलताबादेजवळ खडकी नांवाच्या खेड्याच्या जागीं त्यानें नवें शहर वसविण्यास आरंभ केला. जागा किल्ल्याच्या आश्रयास होती. परंतु मोठ्या वस्तीस पुरेल असें पाणी नव्हतें. ह्या उणिवेवर त्यानें जो उपाय योजिला, तो आजहि 'नहर-ए-अंबरी' ह्या नांवानें ओळखला जातो. शहराच्या उत्तरेस, हर्सूलच्या बाजूस, खाम नदीच्या खोऱ्यांत जमिनीखालीं पाणी मुरलेलें असे. तेथें भुयार खणून त्यास शहराकडे बेताचा उतार दिला. भोंवतालच्या जमिनींतून झिरपणारें पाणी भुयारांत जमे आणि उतारानें आपोआप वाहूं लागे. ठराविक अंतरावर विहिरीसारखे उभे झरोके ठेविले होते. त्यांतून माणूस उतरून गाळ काढूं शके आणि भुयारांत हवाहि खेळे. शहराजवळ चुन्यांत बांधलेले उंच मनोरे होते. पाणी त्यांत चढे, नळांत कोंडलेली हवा निघून जाई, दाब आटोक्यांत येई, आणि मग तें खापरी नळांनीं निरनिराळ्या मोहल्ल्यांतील हौदांत पोहोंचे. मोट नाहीं, बैल नाहीं, उन्हानें आटण्याची भीति फार नाहीं. पाहुण्यांस दाखविली जाणारी पाणचक्की ही अंबराची नव्हे, ती नंतरच्या काळांतील आहे. परंतु तिचें पाणीहि ह्याच विद्येनें आलेलें आहे.

१६१६ सालीं मोगलांनीं खडकी लुटून तिची धूळधाण केली. अंबरानें ती पुन्हां उभी केली. त्याच्या वेळचा भडकल दरवाजा आजहि तेथें उभा आहे. शेतीचीहि त्यानें अशीच घडी बसविली. जमिनीचा कस व प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरविण्याची त्याची पद्धति पुढें दीर्घकाळ आदर्श मानली गेली. ज्या मराठा स्वारांच्या बळावर तो चपळाईनें लढे, त्यांचीं कुटुंबें ह्याच शेतीवर पोसलीं जात.

असा हा पुरुष सर्वथा निर्दोष होता असें मात्र नव्हे. १६१७ सालीं त्यास भेटलेल्या एका डच व्यापाऱ्याच्या वृत्तान्तांत एक दारुण हकीकत आहे. राजाच्या थोरल्या इराणी राणीनें अंबराच्या मुलीस गुलामाची पोर म्हणून हिणविलें. मुलीनें तें बापास कळविलें, आणि बापानें राजा व राणी या दोघांस विषप्रयोग करविला, असें तो सांगतो. १६१० सालीं मुर्तजा मेला आणि त्याचा पांच वर्षांचा मुलगा गादीवर आला, हें खरेंच आहे. सत्ता हातीं आली, फौज आली, शहर उभें राहिलें, तरी गुलामपणाचा डाग आपल्या लेकरांच्या कपाळीं उरला, हें शल्य त्या बापास किती खोल रुतलें असेल, हें ह्या हकीकतीवरून दिसतें. मोगल बादशहा जहांगीरहि त्याच्या काळ्या वर्णाचा उल्लेख तिरस्कारानें करी. अंबराच्या मस्तकावर आपण बाण मारीत आहों, असें चित्रहि त्याच्या दरबारीं काढलें गेलें. प्रत्यक्षांत तें मस्तक त्यास कधींच मिळालें नाहीं.

१६२६ सालीं, ऐंशीच्या घरांत, अंबर वारला. त्याच्या मरणानंतर दरबारच्या बखरकारानेंहि त्याच्या युद्धकौशल्याची व कारभाराची मनमोकळी तारीफ केली. फत्तेखानानें खडकीचें नांव फत्तेनगर ठेविलें. परंतु बापानें जें जपलें तें त्याला जपतां आलें नाहीं. त्यानें आपल्याच राजाचा घात करविला, १६३३ सालीं दौलताबादचा किल्ला मोगलांच्या स्वाधीन केला, आणि १६३६ सालीं निजामशाही कायमची बुडाली. घराण्याच्या मोठेपणासाठीं बापानें केलेला खटाटोप एका पिढींतच संपला.

शहराचें नांवहि बदलत गेलें. औरंगजेबानें तें औरंगाबाद केलें. २०२३ पासून तें छत्रपति संभाजीनगर आहे. त्याच्या तारुण्याचें अहमदनगर २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे. परंतु ज्या जागीं त्यानें वस्ती वसविली ती जागा चारशें वर्षांनंतरहि गजबजलेली आहे. त्याची कबर खुलदाबादेस आहे, आणि जवळच बीबी करीमेचीहि कबर आहे. हबसाणांतील ज्या गांवांतून लहानपणीं त्याला नेलें, तें गांव त्याला पुन्हां कधीं दिसलें नाहीं. जेथें त्यानें घर मांडिलें, तेथल्याच मातींत तो आपल्या माणसाशेजारीं विसावला आहे.