घरांतील संगीत-पेटीची सुधारणा

ग्रामोफोनच्या तबकडीचें काम आज श्रोत्यांपैकीं अनेकांच्या घरीं 'स्ट्रीमर' नांवाची एक लहान पेटी करते. इंटरनेटवरून येणारें गाणें ती घेते व अ‍ॅम्प्लिफायरच्या स्वाधीन करते. वर्ष-दोन वर्षांनीं गृहस्थाच्या मनांत येतें कीं, ही पेटी बदलावी, म्हणजे गाणें अधिक खुलेल. पेटी महाग आणि पैसा कष्टाचा; तेव्हां आवाज नेमका कोठें बिघडतो, हें आधीं पाहिलें पाहिजे.

पेटीकडे येतात ते स्वर नव्हेत, आंकडे होत. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर ध्वनिलहरीचें माप सेकंदास ४४,१०० वेळां घेतलेलें असतें, आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एकीवर बसविलेलें असतें. मनुष्याच्या कानास फार तर २०,००० कंपनांपर्यंतचा स्वर ऐकूं येतो. उतारवयांत त्याहून पुष्कळ कमी. कंपनांच्या दुपटीहून अधिक वेळां माप घेतलें म्हणजे तो स्वर पुरता हातीं लागतो, असा गणिताचा सिद्धांत आहे. अर्थात् डिस्कचें माप कानास अपुरें नाहीं.

मग उणें कोठें पडतें? बहुधा गाणें घरांत शिरण्यापूर्वींच! डिस्कवरील आंकडे सेकंदास सुमारें १,४११ किलोबिट या वेगानें वाहतात. त्यांना आटवून ३२० किंवा त्याहूनही कमी किलोबिटांत पाठविण्याची सोय संगीत-सेवांत असते. असा गाळलेला भाग कितीही भारी पेटी आणली तरी परत मिळत नाहीं. म्हणून सेवेंत 'लॉसलेस' हा पर्याय असल्यास तो निवडणें, ही पहिली सुधारणा. मोबाईलवरून ब्लूटूथनें गाणें पाठविण्याची संवयही सोडावी. तेथें सामान्यतः पुन्हां एकदां गाळणी लागते.

आंकड्यांपासून विजेची लहर बनविणाऱ्या भागास 'डॅक' म्हणतात. तो सदोष असेल, गाण्यामागें सूंसूं ऐकूं येत असेल, तर निराळा डॅक जोडून पाहणें योग्य. मात्र इंटरनेटच्या तारेवर पैसे उधळूं नयेत. आंकडा बिनचूक पोंचला कीं काम झालें. तार सोन्यानें मढविली म्हणून पांचाचे सहा होत नाहींत.

डिस्कहून सूक्ष्म मापाच्या ध्वनिमुद्रणाचाही मोठा गाजावाजा होतो. मेयर व मोरन यांनीं २००७ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें ध्वनिमुद्रण आणि तेंच डिस्कच्या मापांतून गाळलेलें, अशीं दोन्हीं ऐकवून फरक ओळखावयास सांगितलें. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरें बरोबर आलीं. नाणें उडवूनही एवढींच आलीं असतीं. जुन्या नाट्यगीतांच्या रसिकांनीं तर या भानगडींत पडूंच नये; ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खरखर सूक्ष्म मापानें जात नाहीं, उलट तीही सूक्ष्मपणें मोजली जाते.

नवी पेटी घ्यावयाचीच असेल, तर दुकानांत दोन्हीं पेट्यांचा आवाज सारखा लावून घ्यावा. किंचित् मोठा आवाज कानास नेहमींच गोड वाटतो, आणि विक्रेत्यास हें ठाऊक असतें. कोणती पेटी चालू आहे हें न पाहतां ऐकावें.

यापेक्षां अधिक लाभ स्पीकर व खोली यांच्याकडून होतो. कोपऱ्यांत कोंबलेल्या स्पीकरचा खर्ज भिंतींवरून घुमतो आणि तबल्याचा डग्गा ओळखूं येत नाहीं. स्पीकर हातभर पुढें ओढावा, उघड्या फरशीवर सतरंजी अंथरावी, आणि तेंच गाणें पुन्हां लावून पाहावें.