वॉर्ड नंबर चारलगतची खोली

बंगळुरूच्या उत्तरेला, विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर येलहंका आहे. केंपेगौडांच्या घराण्याचं हे ठाणं. आजच्या लोकांना ते ठाऊक आहे ते हवाई दलाच्या तळामुळे आणि तिथे भरणाऱ्या विमानांच्या प्रदर्शनामुळे. माझ्या बहिणीची मुलगी मात्र तिथे गेली ती नर्सिंग शिकायला. सांगलीची पोर, आता बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे.

मध्यंतरी तिला भेटायला गेले, तेव्हा टेबलावर एक जाडजूड पुस्तक उघडं पडलं होतं. विषय होता नेतृत्व आणि व्यवस्थापन. बाईसाहेब वैतागल्या होत्या. म्हणाली, ‘‘मावशी, ड्रेसिंग, इंजेक्शन हे हाताला सवयीनं जमतं. पण लीडरशिप, कायदा, क्वालिटी हे सगळं नुसतं पाठ करायचं आणि पेपरात ओकायचं. वॉर्डात त्याचा काय उपयोग?’’

तिला मी एका परिचारिकेची गोष्ट सांगितली. ही परिचारिका भाचीच्या उलट वाटेनं गेली होती. कर्नाटकातून मुंबईला.

हळदीपूरची अरुणा

अरुणा शानबाग उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरची. परळच्या केईएम रुग्णालयात ती परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ या दिवशी ड्यूटी संपवून ती कपडे बदलायला तळघरात गेली. तिथे रुग्णालयातल्याच एका सफाई कामगारानं तिच्यावर हल्ला केला. गळा साखळीनं आवळला गेल्यामुळे मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सापडली. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. त्यानंतर ती कधीच पूर्ण शुद्धीवर आली नाही.

आरोपीला चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. लैंगिक अत्याचाराचा आरोप खटल्यात आलाच नाही. अरुणा मात्र वॉर्ड नंबर चारलगतच्या खोलीत १८ मे २०१५पर्यंत, म्हणजे जवळजवळ बेचाळीस वर्षं होती.

एका चादरीची किंमत

ज्यांच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे, त्यांना बेडसोअर म्हणजे काय हे सांगायला नको. एकाच कुशीवर पडून राहिलं की कंबर, टाच, खांदा अशा हाडाच्या जागी दाब येतो, तिथलं रक्त थांबतं, कातडी लाल होते आणि मग जखम होते. ती हाडापर्यंत जाऊ शकते, जंतुसंसर्गानं प्राणही घेऊ शकते. उपाय ऐकायला सोपा आहे. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, चादर कोरडी आणि बिनसुरकुतीची ठेवायची, कातडी रोज न्याहाळायची, पोटात नीट अन्न जाईल असं बघायचं. अवघड आहे ते हे काम न चुकता करत राहणं.

सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली अरुणाच्या प्रकरणात निकाल दिला, तेव्हा सदतीस वर्षांत तिला एकही बेडसोअर झाला नाही याची आवर्जून नोंद घेतली आणि केईएमच्या परिचारिकांचं मनापासून कौतुक केलं.

आता विचार करा. या काळात किती मेट्रन निवृत्त झाल्या असतील, किती नव्या मुली रुजू झाल्या असतील! १९७३ साली ज्यांचा जन्मही झाला नव्हता, त्यांनीही अरुणाला भरवलं, पुसलं, वळवलं. एका सिस्टरची माया एवढी वर्षं पुरत नाही. तिथे लागते ती पद्धत. सकाळच्या पाळीनं दुपारच्या पाळीला काय सांगायचं, काय लिहून ठेवायचं, आणि राहिलंच तर विचारणार कोण, हे ठरलेलं असावं लागतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८५९ साली परिचर्येवर पुस्तक लिहिलं, त्यातही या बारीकसारीक व्यवस्थेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. तिचा मुद्दा असा, की आपण समोर नसतानाही आपलं काम चालू राहील अशी तजवीज करणं हीच खरी जबाबदारी.

भाचीला म्हटलं, ‘‘तुझ्या पुस्तकातलं लीडरशिप आणि क्वालिटी ते हेच.’’

जवळचं कोण?

कायदाही याच खोलीत आला. ‘अरुणाज् स्टोरी’ हे पुस्तक लिहिणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी यांनी २००९ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. अशा अवस्थेत तिला जगवत ठेवू नये, तिचं अन्न थांबवावं, अशी त्यांची विनंती होती. त्यामागेही अरुणाबद्दलची कळवळच होती. पण केईएमच्या परिचारिकांना ते मान्य नव्हतं. ऐंशीच्या दशकात महापालिकेनं अरुणाला दुसरीकडे हलवायचं ठरवलं, तेव्हाही त्यांनी विरोध करून तो बेत हाणून पाडला होता.

७ मार्च २०११ रोजी न्यायालयानं विनंती फेटाळली. अरुणाच्या वतीनं बोलण्याचा हक्क कुणाचा, यावर उत्तर दिलं की रोज तिची सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. त्याच निकालानं उच्च न्यायालयाच्या परवानगीनं निष्क्रिय दयामरणाची वाटही मोकळी केली. पुढे २०१८ साली घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि आपल्या अखेरच्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवण्याची मुभा दिली.

कौतुकाची दुसरी बाजू

पण या गोष्टीत केवळ सेवेचे गोडवे गाऊन थांबलं तर अरुणावर अन्याय होईल. तिला कपडे बदलायला सुरक्षित खोली नव्हती. हल्ल्यानंतर मुंबईच्या परिचारिकांनी संप केला, तो याच सुरक्षिततेसाठी. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध विशाखा निकाल आला १९९७ साली, कायदा झाला २०१३ साली. रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कर्नाटकानं २००९ साली आणि महाराष्ट्रानं २०१० साली कायदे केले. तरीही ऑगस्ट २०२४मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका शिकाऊ डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला आणि देशाला पुन्हा अरुणाची आठवण झाली. जिची स्वतःचीच सुरक्षा बेभरवशाची, तिच्याकडून रुग्णाच्या सुरक्षेची हमी कशी मागायची?

जबाबदारी परिचारिकेवरही आहेच. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. तेव्हापासून वॉर्डातल्या नोंदवहीला फार महत्त्व आलं. किती वाजता औषध दिलं, किती वाजता कूस बदलली, डॉक्टरांना कधी कळवलं, हे लिहिलेलं नसेल तर केलेलं काम सिद्ध करणं कठीण. रुग्णालयांना दर्जाचं प्रमाणपत्र देणारी एनएबीएच ही संस्थाही दाखल झाल्यावर किती रुग्णांना बेडसोअर झाले, याचा हिशेब मागते.

आपणही एक करावं. घरचं माणूस रुग्णालयात असेल तर सिस्टरवर आवाज चढवण्याऐवजी शांतपणे विचारावं, ‘‘कूस कधी बदलली? आता पुन्हा कधी?’’ आणि एका सिस्टरकडे किती रुग्ण आहेत, हे तिला नव्हे, व्यवस्थापनाला विचारावं.

निघताना भाची बसथांब्यापर्यंत आली. रात्रपाळी होती तिची. म्हणाली, ‘‘मावशी, आमच्या वॉर्डात एक आजी आहेत, हलता येत नाही. काल माझी पाळी संपली तेव्हा पुढच्या मुलीला मी तोंडीच सांगून आले. आज लिहून ठेवते.’’