‘पगार किती?’ आणि सेकंदाचा पाचवा भाग

लग्नाच्या हॉलमध्ये पंगत बसायला अवकाश असतो आणि बँकेतून निवृत्त झालेले काका भाच्याला गाठतात, ‘काय रे, हातात किती पडतात आता?’ पलीकडे कुणा सुनेला विचारणा होते, ‘मग, गोड बातमी कधी?’ विचारणाऱ्याच्या मनात बहुधा वाकडं काही नसतं. उत्तर देणारा मात्र क्षणभर गप्प होतो, आणि नेमका तो क्षणच बोलून जातो.

तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी दहा भाषांतली हो-नाहीची प्रश्नोत्तरं मोजली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात प्रश्न आणि उत्तर यांच्यातलं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढं निघालं. साधं चित्र पाहून वस्तूचं नाव उच्चारायलाही याच्या तिप्पट वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर जुळवू लागतो. होकार नकारापेक्षा लवकर येतो, हेही त्यात दिसलं. त्यामुळे उत्तराला जरा उशीर झाला, की काहीतरी अडलंय हे ऐकणाऱ्याला आपसूक कळतं.

‘ते नाही सांगणार’ म्हणावं, तर तेही महागात पडतं. लेस्ली जॉन यांच्या गटाच्या २०१६ च्या प्रयोगांत लाजिरवाण्या गोष्टींची कबुली देणाऱ्यांपेक्षा उत्तर टाळणाऱ्यांबद्दल लोकांचं मत अधिक वाईट झालं. लपवलंय म्हणजे भलतंच काही असणार, असं मन धरून चालतं.

ब्रॅडफर्ड बिटर्ली आणि मॉरिस श्वाइट्झर यांनी २०२० मध्ये तिसरी वाट तपासली: प्रश्नाला प्रश्न. सरळ नकार देणाऱ्यापेक्षा उलट प्रश्न करणारा लोकांना जास्त आवडला, जास्त विश्वासाचाही वाटला. कारण विचारलेला प्रश्न अधांतरी सोडणं माणसाला जड जातं. लक्ष नव्या प्रश्नाकडे वळतं आणि उलट विचारणाऱ्याची आस्थाही दिसते. मात्र विषय फार लांब नेऊ नये. टॉड रॉजर्स आणि मायकल नॉर्टन यांच्या प्रयोगांत जवळच्या विषयावरचं बगल देणारं उत्तर अनेकांच्या लक्षातच आलं नाही. भलत्याच विषयावरचं लगेच पकडलं गेलं.

तेव्हा भाच्याने म्हणावं, ‘भागतंय काका. तुमच्या वेळी बँकेत वाढ कशी मिळायची हो, दरवर्षी की करार झाला की?’ काका खुलतील, करारांच्या वाटाघाटींचे किस्से सुरू होतील. वाक्य आधीच मनाशी घोळवून ठेवलेलं बरं, कारण जागेवर सुचायला तेवढा वेळ नसतो.

‘गोड बातमी’च्या प्रश्नाला हा उपाय पुरत नाही. जवळचा विषय म्हणजे पुन्हा मुलंबाळंच, आणि जिचे उपचार चालू आहेत किंवा जिचा गर्भपात झालाय, तिने तेवढ्यात चतुराई दाखवावी ही अपेक्षाच क्रूर आहे. तिथे शेजारी उभ्या असलेल्या सासूबाईंनी नाहीतर नवऱ्याने पुढे व्हावं: ‘आत्या, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर जिना चढता येतो का आता?’ विषय बदलला हे आत्यांच्या लक्षात आलं, तर येऊ द्यावं.

एका ठिकाणी मात्र बगल देऊच नये. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ विचारतात, ‘दारू किती घेता?’ नातेवाइकांसमोर संकोच वाटला, तर त्यांना बाहेर थांबायला सांगा आणि खरं प्रमाण सांगा. भुलीच्या औषधाचा हिशेब आणि दारू अचानक तुटल्यावर होणाऱ्या त्रासाची तयारी, दोन्ही त्या उत्तरावर ठरतात.