दारिद्र्य : अपराध की आपत्ती?

गोरगरिबांस साहाय्य करणे हे पुण्यकर्म, असे आपण परंपरेने मानीत आलो आहोत. परंतु ते समाजाचे कायदेशीर कर्तव्य आहे, ही कल्पना इंग्लंडात फार सावकाश रुजली. तेथील आरंभीचे कायदे चाळले असता ते गरिबांच्या रक्षणापेक्षा त्यांच्या बंदोबस्तासाठीच केलेले दिसतात.

१३४८-४९ च्या महामारीत असंख्य माणसे दगावली. मजूर मिळेनासे झाले, मजुरी चढली. तेव्हा १३४९ च्या राजाज्ञेने पूर्वीचेच दर कायम केले आणि धडधाकट भिकाऱ्यास भिक्षा घालण्यास बंदी केली. १५३१ मध्ये वृद्ध व पंगू यांना भिक्षेचे परवाने मिळाले. धडधाकटांना गाडीमागे बांधून फटके मारावेत, असे ठरले. १५४७ च्या कायद्याने तर भटक्याच्या छातीवर डाग देऊन त्यास दोन वर्षे गुलाम करण्याची मुभा दिली! हा अमानुष कायदा १५५० मध्ये रद्द झाला.

याच सुमारास आठव्या हेन्रीने मठ मोडले. त्यांच्या दारी मिळणारा घास तुटला. महागाईही वाढत होती. फटक्यांनी भूक शमत नाही, हे राज्यकर्त्यांना हळूहळू उमगले. १५७२ मध्ये गरिबांसाठी सक्तीचा कर आला. १५७६ मध्ये बेकारांना काम देण्यासाठी लोकर व इतर कच्चा माल साठविण्याची तरतूद झाली. अखेर एलिझाबेथ राणीच्या १६०१ च्या कायद्याने ही व्यवस्था पक्की केली. चर्चच्या प्रत्येक गावविभागात, म्हणजे पॅरिशमध्ये, देखरेख करणारे नेमावेत, त्यांनी कर गोळा करावा, अपंगांस पोसावे, धडधाकटांस काम द्यावे, निराधार मुलांस उमेदवारीस लावावे, असा तो कायदा होता. ऐपत असल्यास आईबाप, आजीआजोबा व मुले यांनी एकमेकांस सांभाळावे, हेही त्यात होते.

मात्र प्रत्येक पॅरिश आपल्यापुरते पाहू लागले. १६६२ च्या कायद्याने, वर्षाला दहा पौंडांहून कमी भाड्याच्या जागेत उतरलेल्या नवख्यास, तो पुढेमागे भार होईल एवढ्या शंकेवरून, चाळीस दिवसांच्या आत तक्रार झाल्यास मूळ ठिकाणी परत धाडता येई. परमुलुखात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपणांस या तरतुदीतील दंश अधिक जाणवावा.

भुकेल्यास अन्न देणे हे कर्तव्य ठरावयास अडीचशे वर्षे लागली. पण ‘हा आपला की परका?’ हा प्रश्न सुटला नाही. कोणत्याही समाजाची खरी परीक्षा त्या प्रश्नाच्या उत्तरातच होते, असे आम्हांस वाटते.