ध्वनिसंचाचे श्रवणपरीक्षण
ध्वनिसंचाचे श्रवणपरीक्षण म्हणजे घरगुती ध्वनिसंचाचा दर्जा प्रत्यक्ष ऐकून ठरविणे होय. त्याचा निष्कर्ष ऐकण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतो. किराणा घराण्याचा ख्याल ऐकताना लक्ष आलापीत गुंतल्यास संचाचे दोष सहसा जाणवत नाहीत. तेच लक्ष साथीच्या तंबोऱ्याकडे वळविल्यास त्याची जवारी, म्हणजे घोडीवरून उमटणारा झंकार, मोकळी ऐकू येते की बोथट, हे कळते. मंद आवाजात खर्जातील स्वर अधिक क्षीण भासतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखविले. त्यामुळे किंचित मोठ्याने वाजणारा संच वस्तुतः तसा नसतानाही भरदार वाटू शकतो. म्हणून तुलनेपूर्वी दोन्ही संचांची ध्वनिपातळी मोजून समान करतात आणि श्रोत्यापासून त्यांची नावे व किमती दडवितात. एरवी ध्वनीऐवजी किमतीलाच दाद मिळण्याचा संभव असतो.