टबातले गरम पाणी आणि न्यूमोनिया

फेब्रुवारी १९९९ मध्ये नेदरलँड्समधील बोवेनकार्स्पेल या गावी फुलांचे मोठे प्रदर्शन भरले होते. तेथे बुडबुडे उडवणारा गरम पाण्याचा टब मांडला होता. आजारी पडलेले लोक काही त्यात उतरले नव्हते. आसपास वावरले होते, इतकेच. तरी न्यूमोनियाने किमान ३२ जण दगावले. लिजिओनेला नावाचे जंतू पाण्याच्या सूक्ष्म तुषारांबरोबर श्वासावाटे फुप्फुसांत शिरले होते.

हल्ली आपल्याकडेही बंगल्यांत, फार्महाऊसवर असे टब दिसतात. टबातल्या पाण्याची ऊब या जंतूंनाही मानवते. शिवाय गरम पाण्यातले क्लोरीन लवकर संपते. रविवारी टाकले, आता आठवडाभर काळजी नाही, असे येथे चालत नाही. प्रत्येक वेळी टबात उतरण्यापूर्वी चाचणीपट्टी बुडवून पाहावी. क्लोरीन किमान ३ पीपीएम आणि पीएच ७ ते ७.८ असावा. पाणी नितळ दिसते म्हणून फसू नये. कडेला बुळबुळीत थर धरला असेल, तर पाणी पूर्ण सोडून टब घासून काढावा. नुसते औषध वाढवून भागत नाही. फिल्टर धुण्याचा मात्र सर्वांनाच कंटाळा! पण घाण साठते ती तेथेच.

पाणी ४० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापवू नये. गरोदर स्त्रियांनी आणि हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय टबात उतरू नये.

टबात बसल्यानंतर दोन आठवड्यांत ताप, खोकला, धाप सुरू झाली, तर डॉक्टरांना टबाबद्दल जरूर सांगावे. पेनिसिलिन गटातील औषधे या आजारावर चालत नाहीत.